दम आहे का, बॉस?

कबड्डीत टाळ्या पडतात चढाईला. पण मॅच वाचते पकडीवर... आणि पकड टिकते ती दंडाच्या नाही, दमाच्या जोरावर! खोपटच्या मैदानात स्वतःच्या मांड्या भरून आल्यावर कळलेली गोष्ट.

शेवटची दीड मिनिटं. आम्ही एका पॉइंटने पुढे.

'आम्ही' म्हणजे माझा धाकटा भाऊ आणि त्याचे साथीदार. मी आपली बॅरिकेडला लटकून घसा फोडणारी. भाऊ डाव्या कोपऱ्यावर. समोरचा रेडर आला, एक पाय पुढे टाकला, जरासा रेंगाळला. भाऊ झेपावला. हात बरोबर घोट्यापाशी गेला... आणि निसटला. मदतीला धावलेला कव्हरही नुसता हात लावून राहिला. रेडर दोघांना घेऊन मध्यरेषेवर. दोन पॉइंट. मॅच गेली.

गेल्या हंगामातली ही गोष्ट. खोपटपर्यंत बाइकवर परत येताना तो एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर आईचं निदान तयार होतं. "अंगात ताकदच नाही रे तुझ्या!" मग काय, सुरू झाला आपल्याकडचा ऑल टाइम फेव्हरिट उपाय. सकाळी सहा अंडी, संध्याकाळी जिम. सहा महिन्यांत गडी सात किलोंनी वाढला. टी-शर्टच्या बाह्या टाइट झाल्या, व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी बदलला, सॉलिड दिसायला लागला.

आणि पुढच्या स्पर्धेत हाफ टाइमलाच त्याचा फेस निघाला!

आता हा भाऊ काही नुसता हौशी नाही. वागळे इस्टेटमध्ये एका ऑफिसात बॅक-ऑफिसचं काम करतो आणि डोळे लावून बसलाय कंपनीच्या टीमच्या ट्रायलवर. कबड्डीत ज्याला 'लागणं' म्हणतात ते हेच. एखाद्या कंपनीने वर्षाच्या करारावर जरी घेतलं, तरी खेळायचे पैसे मिळतात, नाव होतं, पुढे नोकरीचं दार किलकिलं होतं. वय तेवीस. म्हणजे हातात तीन-चार हंगाम, फार तर. त्यामुळे 'एवढी ताकद वाढवूनही पकडी का सुटतायत' हा आमच्या घरात केवळ क्रीडाविषयक प्रश्न नव्हता.

म्हटलं चला, विचारूया तर खरं. तशीही फ्रीलान्सरला स्टोरी हवीच असते!

कंबर खाली, मॅडम!

खोपट म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? एसटी डेपो. बोरिवलीची गाडी लागलीये का, हा सनातन प्रश्न. ऑफिसला उशीर झालेली गर्दी आणि रिक्षावाल्यांशी घासाघीस. पण रात्री साडेआठनंतर सिद्धेश्वर तलावाच्या अंगाला, हंसनगरच्या आतल्या गल्ल्यांत शिरलात, तर कुठेतरी ट्यूबलाइटच्या उजेडात तो ओळखीचा आवाज कानावर येतोच. कबड्डीकबड्डीकबड्डी...

भावाच्या मंडळाचे सर एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. पांढरे केस, गळ्यात शिट्टी, आवाज अजून डेपोच्या अनाउन्समेंटला लाजवेल असा. मी नोटपॅड काढून पहिलाच प्रश्न टाकला, "सर, चांगल्या पकडीसाठी ताकद किती लागते?"

त्यांनी माझ्याकडे वरून खाली पाहिलं. "मॅडम, जिमला जाता का?"

"हो. रोज दहा हजार स्टेप्स पण होतात माझ्या." (अभिमान लपवता येत नाही हो!)

"मग या इकडे. चप्पल काढा. गुडघ्यात वाका. अजून. कंबर खाली... पाठ सरळ, मान वर, हात पुढे. हां! आता तीस सेकंद हलायचं नाही. मग तीस सेकंद सुट्टी. मग परत. दहा वेळा झालं की प्रश्न विचारा."

पहिले तीस सेकंद मस्त गेले. दुसऱ्यांदा मांड्यांत मुंग्या. तिसऱ्यांदा आग! चौथ्या वेळी माझी कंबर माझ्या नकळत वर आली, हात गुडघ्यांवर टेकले आणि नजर जमिनीकडे गेली. नेमक्या त्याच क्षणी सरांनी एका बारक्या पोराला खुणावलं. तो टुणकन पुढे आला, माझ्या खांद्याला टपली मारली आणि पळाला. मला तो दिसलासुद्धा नाही.

"बघा," सर म्हणाले. "ताकद होती की अंगात. गेली कुठे?"

बाजूला बसून पाणी पीत असलेला भाऊ खो खो हसत होता. "ताई, चौथ्यालाच? मॅचमध्ये चाळीस असतात!"

चाळीसचा हिशेब

चाळीस हा आकडा त्याने हवेतून काढला नव्हता. जरा ढोबळ हिशेब करू. पुरुषांची मॅच वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांची, म्हणजे एकूण ४० मिनिटं. मध्ये पाच मिनिटांची विश्रांती. एक चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. सगळ्या चढाया पूर्ण वेळ चालल्या असं धरलं, तर होतात ८०. त्यातल्या निम्म्या समोरच्यांच्या. म्हणजे ४० वेळा तुम्ही वाकून, कंबर खाली ठेवून उभे. मधल्या तीस सेकंदांत तुमचा रेडर तिकडे गेलेला असतो, तेवढाच काय तो श्वास!

आता ग्राउंड बघा. एका संघाचं अंगण साडेसहा मीटर खोल. दोन्ही बाजूंच्या लॉबी सोडल्या तर आठ मीटर रुंद. रेडर ३.७५ मीटरवरची निदान रेषा ओलांडून येतो, त्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा, आणि तिच्यामागे तुमच्यासाठी उरते पावणेदोन मीटरची पट्टी. सात जण असताना ही जागा भरलेली वाटते. तीन जण उरले की तेच अंगण रिकाम्या प्लॅटफॉर्मसारखं मोठं होतं. तीन किंवा कमी जणांनी पकड केली तर एक पॉइंट जादा मिळतो, त्यालाच सुपर टॅकल म्हणतात. आता कळलं का नियम एवढा उदार का ते?

आणि एक गंमत आहे. रेडरला चॉइस असतो. कधी घुसायचं, कोणावर जायचं, कधी नुसता वेळ काढून परत यायचं... सगळं तोच ठरवतो. बचाववाला बिचारा पूर्ण तीस सेकंद तयारीत. तो फक्त उत्तर देतो. आणि प्रश्न कधी येणार, हे त्याला माहीत नसतं.

दम कोणाचा मोजायचा?

आपल्या भाषेत 'दम' हा एक भारी शब्द आहे. दम म्हणजे श्वास. दम म्हणजे ताकद. दम म्हणजे धीर. 'दम धर' म्हटलं की थांब. हुतूतूच्या दिवसांत या खेळाचं सगळं गणित रेडरच्या दमावर होतं. एका श्वासात जायचं, एका श्वासात यायचं. श्वास तुटला की खेळ खलास.

याच महाराष्ट्राने हा खेळ जगापुढे नेला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याचं प्रात्यक्षिक दाखवलं. १९९० मध्ये बीजिंगच्या एशियन गेम्समध्ये कबड्डीला पदकांचा खेळ म्हणून जागा मिळाली. शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारख्या माणसांनी त्यासाठी आयुष्य घातलं. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, आपल्याकडे कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. मग २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली, मॅट आली, लाइट्स आल्या आणि टीव्हीच्या स्क्रीनवर ३० सेकंदांचं घड्याळ आलं. 'कबड्डी कबड्डी' आजही म्हणावंच लागतं. पण घड्याळ आल्यापासून रेडरला नेमकं माहीत असतं, आपल्याला किती वेळ काढायचाय. त्यातही दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत पॉइंट आणायलाच लागतो, नाहीतर रेडर आउट. म्हणजे तिसऱ्या चढाईला रेडर जिवावर उदार होऊन येणार, हे ठरलेलं!

सर म्हणाले ते मला फार पटलं. "पूर्वी लोक चढाईवाल्याचा दम मोजायचे. आता तो घड्याळावर खेळतो. आता दम मोजायचा तो बचाववाल्याचा."

सात समुद्रापार, सेम टू सेम

माझा मावसभाऊ सिडनीत पॅरामॅटाला असतो. आयटीत. तुमच्याही घरातला एखादा नमुना तिकडे असेलच! त्या भागात रग्बी लीग म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट. हा पठ्ठ्या पहिल्यांदा मॅच बघून आला तेव्हा फोनवर म्हणाला होता, "अगं, ही तर कबड्डीच. फक्त मैदान मोठं आणि बॉल एक्स्ट्रा!"

तेव्हा मी हसले होते. आता म्हणते, काही चुकीचं नव्हतं. रग्बी लीगमध्ये तेरा-तेरा खेळाडू, मॅच ८० मिनिटांची. बॉल असलेल्या संघाला सहा टॅकल होईपर्यंत खेळायला मिळतं. प्रत्येक टॅकलनंतर बचाव करणाऱ्यांनी दहा मीटर मागे पळायचं आणि लगेच पुन्हा पुढे येऊन भिंत उभी करायची. पळ मागे, ये पुढे, धडक, ऊठ, पुन्हा मागे. ऑस्ट्रेलियातल्या व्यावसायिक लीगने २०२० मध्ये एक नियम आणला. बचाव करणाऱ्यांनी टॅकलनंतर खेळ रेंगाळवला, तर पेनल्टीसाठी खेळ थांबवण्याऐवजी समोरच्या संघाला तिथल्या तिथे नव्याने सहा टॅकल. म्हणजे दम खाण्याची हक्काची जागाच गेली.

तिथल्या टिम गॅबेट नावाच्या क्रीडाशास्त्रज्ञाने २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. रग्बी लीगच्या खेळाडूंना टप्प्याटप्प्याने थकवायचं आणि प्रत्येक टप्प्यावर टॅकल करायला लावून तंत्र तपासायचं. निष्कर्ष काय? थकवा वाढत गेला तसतसं टॅकलचं तंत्र बिघडत गेलं. आणि ज्यांच्या शरीराची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता चांगली होती, त्यांचं तंत्र कमी बिघडलं.

थोडक्यात, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले सर आणि ऑस्ट्रेलियातला शास्त्रज्ञ एकच गोष्ट सांगत होते. दमलेला माणूस आधी ताकद हरवत नाही. तो आधी शिस्त हरवतो. कंबर वर येते, नजर खाली जाते, पायांऐवजी फक्त हात पुढे जातात. आणि 'एकदाचं काय ते होऊन जाऊ दे' म्हणून तो घाई करतो.

भावाची ती सुटलेली पकड आठवा. त्याचा हात घोट्यापर्यंत पोचला होता. पण पाय मागेच राहिले होते.

पेट्रोल आणि पंप

मग जिमने वाढवलेले सात किलो कुठे गेले? यामागचं सायन्स तसं सोपं आहे. एका झटक्यात झेप घ्यायला, घोटा खेचायला जी ऊर्जा लागते ती स्नायूंत आधीच साठवलेली असते. पण हा साठा अगदी छोटा, काही सेकंदांचा. एक जोरकस पकड केली की टाकी जवळपास रिकामी. ती पुन्हा भरायला लागतो ऑक्सिजन. म्हणजे हृदय, फुप्फुसं, रक्तवाहिन्या, सगळा पंप. पहिली पकड तुमच्या मांड्या करतात. पंचविसावी पकड तुमची फुप्फुसं करतात!

भावाने टाकी सजवली होती, पंप तोच जुना. वर सात किलोंचं ओझं घेऊन चाळीस वेळा वाकायचं. शिवाय सीनियर पुरुष गटाला ८५ किलोंची वजनमर्यादा आहे, त्यामुळे नुसतं वाढत जायचीही सोय नाही.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला साखळीत कळली. बचावात खेळाडू एकमेकांचे हात धरून उभे असतात ना, त्या साखळीत. कोपरा झेपावला की कव्हरने त्याच क्षणी धडक द्यायची. अर्धा सेकंद उशीर, आणि रेडर दोघांना घेऊन जातो. म्हणजे कोपऱ्याचा दम शाबूत असून चालत नाही, शेजाऱ्याचाही लागतो. ऑफिसच्या टीमसारखंच आहे हे. प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री एक जण ढेपाळला की डेक सगळ्यांचाच फसतो!

कल्याणचा घोटेबहाद्दर

मोठी नावं बघा, म्हणजे मुद्दा पक्का होईल. आपल्याच सेंट्रल लाइनवरचा, कल्याणचा गिरीश इरनाक. डावा कोपरा. घोटा धरण्यासाठी प्रसिद्ध. पुणेरी पलटणकडून त्याला खेळताना तुम्ही पाहिलंच असेल. त्याचा घोट्यावर जाणारा हात सगळ्यांना दिसतो. मला आता त्याच्या आधीचे वीस सेकंद दिसतात, जेव्हा तो जमिनीशी बोलत असल्यासारखा वाकून नुसता वाट बघत असतो.

इराणचा फझल अत्राचली दुसरा. तोही डावा कोपरा. यू मुंबाकडून नाव कमावलेला आणि प्रो कबड्डीत सगळ्यात आधी ४०० टॅकल पॉइंट्स गाठणारा. त्याचा जन्म १९९२ चा, म्हणजे तिशी ओलांडूनही तो मोठ्या संघांना हवासा राहिला. रेडरने पाय दाखवला की लगेच न भुलणं, ही त्याची खासियत. त्याला आपण अनुभव म्हणतो. पण अनुभव वापरायलासुद्धा अंगात दम शिल्लक लागतो!

२०१८ च्या एशियन गेम्समध्ये, जकार्तात, भारताने पहिल्यांदाच पुरुषांचं सोनं गमावलं. सेमीफायनलमध्ये इराणने हरवलं, २७-१८. आपल्याकडे एकाहून एक रेडर होते. चाळीस मिनिटांत अठरा पॉइंट! गिरीशही त्या भारतीय संघात होता. इराणच्या बचावाने आपल्याला श्वासच घेऊ दिला नाही. आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये अस्लम इनामदारच्या पुणेरी पलटणने पहिल्यांदा प्रो कबड्डी जिंकली तेव्हा फायनलचा स्कोअर होता २८-२५. ना धावांचा पाऊस, ना पॉइंटांची लयलूट. शेवटपर्यंत कंबर खाली ठेवणाऱ्यांची मॅच होती ती.

दम महाग असतो

आता खरा प्रॉब्लेम. प्रोफेशनल टीममध्ये फिजिओ असतो, डाएट ठरलेला असतो, दुपारची झोप हा सरावाचा भाग असतो. खोपटच्या पोरांचं काय? दिवसभर कोणी कुरियर वाटतो, कोणी मोबाइलच्या दुकानात उभा असतो, कोणी कल्याणहून लोकलला लटकून येतो. रात्री साडेआठला मैदानात पोचतो तेव्हाच त्याचा अर्धा दम रेल्वेने काढून घेतलेला असतो. प्रॅक्टिस संपते साडेदहाला, जेवण अकराला, सकाळी पुन्हा शिफ्ट. स्टॅमिना मैदानात कमावतात म्हणतात. पण तो भरला जातो झोपेत आणि ताटात, आणि या दोन्ही गोष्टींना वेळ आणि पैसे लागतात.

रग्बी लीगचा जन्मच मुळी या भानगडीतून झाला हे वाचलं तेव्हा मला एकदम आपलं कोणीतरी भेटल्यासारखं वाटलं. १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या क्लबांनी वेगळी चूल मांडली, कारण गिरण्या-खाणींत राबणाऱ्या खेळाडूंची मॅचसाठी बुडालेली मजुरी भरून द्यायची की नाही, यावरून भांडण होतं. एकशेतीस वर्षं झाली. माझा भाऊ आजही स्पर्धेसाठी सुट्टी घेतो ती बिनपगारीच!

आणि दमलेल्या पकडीची किंमत नेहमी पॉइंटांत मोजली जात नाही. त्याच्याच मंडळातला एक कव्हर, दोन वर्षांपूर्वी, मॅचच्या शेवटी असाच उशिरा, वाकड्या पायाने धडकला. गुडघ्याचा लिगामेंट गेला. ऑपरेशन झालं, कर्ज झालं. आता तो चांगला चालतो. प्रॅक्टिसला रोज येतो, स्कोअर लिहितो. मी त्याच्याशी बोलायला गेले तर म्हणाला, "ताई, त्या दिवशी मला कळत होतं की पाय उचलत नाहीये. पण आउट होऊन बाहेर बसलो असतो तर पोरं काय म्हणाली असती?"

यावर काय लिहायचं? मी नोटपॅड मिटलं.

यंदाची चाळिसावी

गेले सहा महिने भावाची जिम कमी झालीये. आठवड्यातून दोनदाच, तीही पाय आणि पाठ यांच्यासाठी. बाकी दिवस पहाटे साडेपाचला उपवनच्या कडेने धावणं, रविवारी येऊरचा चढ. मैदानात तीस सेकंद काम, तीस सेकंद आराम, अशा फेऱ्या. आणि शेवटी, सगळे पार मेल्यावर, सर पकडींचा सराव घेतात. आधी नाही, शेवटी! "ताज्या अंगाने कोणीही घोटा धरतो," हे त्यांचं लाडकं वाक्य. सातातले चार किलो उतरलेत. आईला वाटतं पोरगा वाळला. डीपी मात्र त्याने अजून बदललेला नाही!

मागच्या पंधरवड्यात क्वार्टर फायनल होती. पुन्हा शेवटची दोन मिनिटं, पुन्हा एका पॉइंटची आघाडी. समोरच्यांच्या दोन चढाया रिकाम्या गेलेल्या, त्यामुळे ही तिसरी करो या मरो. आपले चार जण मैदानात. रेडर आला आणि त्याने तोच पाय पुढे टाकला. तसाच, रेंगाळून.

माझ्या पोटात गोळा. भाऊ हलला नाही.

दहा सेकंद. रेडर उजवीकडे फिरला, परत आला, पुन्हा पाय. भाऊ नाहीच. वीस सेकंद. बॅरिकेडवरून मला त्याच्या मांड्या थरथरताना दिसत होत्या. पण कंबर खाली, मान वर. सर बाहेरून फक्त एकच शब्द बोलत होते, "दम... दम..." म्हणजे थांब म्हणत होते की श्वास घे म्हणत होते, देव जाणे. बहुतेक दोन्ही.

सत्तावीस-अठ्ठावीसव्या सेकंदाला रेडरला यावंच लागलं. तो आत घुसला, आणि आता भावाचे हात आणि पाय एकत्र गेले. घोटा हातात. त्याच क्षणी कव्हरची धडक. रेडर जमिनीवर, मध्यरेषा दीड हात लांब.

ती मॅच जिंकलो. दुसऱ्या दिवशी सेमीफायनल सरळ हरलो, नऊ पॉइंटने. पोरं लागोपाठच्या मॅचेसनी संपली होती. फिल्मी एंडिंग नाही, सॉरी! कंपनीची ट्रायल पुढच्या महिन्यात आहे. तिथे आधी धावण्याची चाचणी, मग खेळ. यादीत नाव येईल की नाही, ठाऊक नाही. पण या वेळी घरी येताना बाइकवर तो अखंड बोलत होता. खोपटच्या सिग्नलला थांबलो तेव्हा मागे वळून म्हणाला, "ताई, बघितलंस ना, मी गेलोच नाही!"

पकड केली याचा आनंद नव्हता त्याला. वीस सेकंद केली नाही, याचा होता.

आता तुम्ही विचाराल, याचा आमच्याशी काय संबंध? आम्हाला कुठे रेडर पकडायचेत? बरोबर. पण दुपारी चार वाजता, तिसऱ्या कॉलनंतर, मान खाली आणि पाठ वाकडी करून 'एकदाचं काय ते होऊन जाऊ दे' म्हणत तुम्ही जो मेल पाठवता ना... तोही एक सुटलेला घोटाच असतो, बॉस!

घरच्या घरी दम तपासा

• भिंतीचा आधार न घेता अर्ध्या बैठकीत ३० सेकंद थांबा, ३० सेकंद उभे राहा. किती वेळा जमतं ते मोजा. कंबर वर आली की मोजणी बंद. चीटिंग नाही!

• आठवड्यातून तीन दिवस, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने अर्धा तास चाला किंवा धावा. पंप यानेच मोठा होतो.

• पायाभरणी झाल्यावरच जिने किंवा चढ. वीस सेकंद जोरात, मग श्वास जागेवर येईपर्यंत सावकाश.

• झोप कापून व्यायाम करू नका. दम रात्री भरला जातो.

• गुडघा दुखत असेल किंवा छातीत दडपण वाटत असेल, तर हिरोगिरी नको. आधी डॉक्टर, मग बैठका.

माझा स्कोअर? चारवरून नऊ. दहावी झाली की सरांना उरलेले प्रश्न विचारणार आहे!